काटा थांबेपर्यंत

आधारवर देवमन, पॅनवर देवमान.
एका कान्यासाठी सहा दिवस माझं खातं अडलं.
सातव्या दिवशी सेवा केंद्राच्या पिवळ्या भिंतीसमोर
हर्षदा सोमकुवर म्हणाली,
"काका, फोनकडं पाहा अन् डोळे मिचकवा."
अठ्ठावन्नाव्या वर्षी मी यंत्राला डोळा मारला.
त्यानं कबूल केलं, मी मीच आहे.

मी मापारी.
सत्तावीस हंगाम सिंदीच्या यार्डात
दुसऱ्याची तूर तोलली, दुसऱ्याचा चना.
तिकडचा बाजार सव्वानऊला उघडतो,
आमचा, अडते चहा पिऊन आले की.
ओट्यावर निदान चेहरे असतात:
कोण मूठभर दाणे नाकाशी नेऊन
मुद्दाम तोंड वाकडं करतो, मला लांबून कळतं.
इथे नुसत्या मेणबत्त्या.
हिरव्या, तांबड्या, कोणी लावल्या माहीत नाही.
हर्षदानं वहीत काढून दाखवलं,
हे अंग, ही वरची वात, ही खालची.
म्हटलं, मेणबत्तीला खालून वात?
"इथं अस्ते, काका."

पहिला शेअर घेतला पाइपच्या कंपनीचा.
गावात प्रत्येक धुऱ्यावर तिचं नाव
ऊन खात पडलेलं असतं, म्हणून.
एकच. चारशे बाराला.
संध्याकाळी पाण्याच्या टाकीखाली रेंज आली
तेव्हा चारशे एकोणीस.
सात रुपयांचा मी आलुबोंडा खाल्ला.
विकल्याशिवाय ते सात माझे नाहीत
हे दुसऱ्या दिवशी कळलं.
आलुबोंडा पचून गेला होता.

"स्टॉप लॉस म्हणजे, इथवर पडला
की आपण बस म्हणायचं."
धुऱ्यासारखं?
"धुऱ्यासारखंच. पण काका,
आपला धुरा आपणच कोरू नका."
मी तीनशे नव्वदवर धुरा घातला.
रात्री झोप येईना,
उठून तीनशे सत्तरवर नेला.
जन्मभर शेजाऱ्यांची भांडणं पाहिली या कोरण्यावरून,
स्वतःच्याच वावरात घुसणारा मात्र
मी पहिला पाहिला.

पोळ्याला तिकडे सुट्टी नसते.
हे मला अजून पटलेलं नाही.
तान्ह्या पोळ्यालाही नाही.
नातू तुटक्या चाकाचा लाकडी बैल ओढत
घरोघर बोजारा मागत निघाला
आणि मी टाकीखाली, फोन नाकाला लावून.
तीनशे एकोणऐंशी.
तीनशे चौऱ्याहत्तर.
मागून कोणाची तरी पिपाणी वाजली,
मान वळवून परत पाहतो तर
'ऑर्डर पूर्ण झाली.'

बेचाळीस रुपये गेले.
वर थोडी चिल्लर:
दलाली, मुद्रांक, जीएसटी.
म्हणजे कडता तिकडेही कापतात.
एवढं एक ओळखीचं निघालं.

नातवानं ओसरीवर नोटा मोजल्या,
अकरा घरं, एकशे तीस.
पंचफुला चुलीपुढून बोलली,
"भिशीत निदान मेंढेबाईच्या घरचा
चहा तरी भेट्ते."
मग जरा वेळानं,
"विझली का तुमची मेणबत्ती?"
म्हटलं, विझली.
तिनं ताटात पुरणपोळी वाढली, कालची,
अन् काही विचारलं नाही.

सकाळी पाइप तीनशे अठ्ठ्याऐंशी.
मी कोणाला सांगितलं नाही.
यार्डात पहिलं पोतं काट्यावर चढलं,
आकडे थरथरले.
नवा पोरगा वाचायला वाकला.
थांब बावा, म्हटलं,
काटा थांबेपर्यंत वाचायचं नाही,
पोत्याला हात लावायचा नाही.
आम्ही दोघं उभे राहिलो.
थांबला.
पन्नास किलो दोनशे.
असा एका जागी उभा राहिलेला आकडा
मी महिनाभरानं पाहत होतो.

खिशात फोन गुरगुरला.
दोन पोती होईस्तोवर काढला नाही.
तिसऱ्याला काढला.